तिसरा पुकारा

औरंगाबाद,
२३ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आणि पार्सल परवा एकाच दिवशी आलं. मामींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, अंबाजोगाईच्या थंडीत पहाटे अंगणात पाणी मारायचं खूळ सोडा. इथं सगळं ठीक आहे. बद्रीनाथराव सरांच्या ऑफिसात काम भरपूर आहे, म्हणजे फायली उचलायचं भरपूर आहे. कोर्टात उभं राहायचं अजून क्वचितच येतं. तुम्ही म्हणता तसं, पहिली पाच वर्षं वकिलानं कान उघडे आणि तोंड बंद ठेवावं. माझं दुसरं चालू आहे.

मामा, तुमच्या पत्रात माझं नाव दोनदा आलं आणि मनकर्णाचं पाच वेळा. रागावू नका, मी सहज मोजलं. दिवाळीला मीच तिला घेऊन आले होते, मीच म्हटलं होतं की हिला घर दाखवते. मग तुम्ही दोघं दोन दिवस ओसरीवर तिच्या आजोबांचे उर्दू कागद पसरून बसलात, भिंग घेऊन. "हे बघ, याला महजर म्हणायचे, पंचांचा निवाडा," "हे कौलनामा, जमिनीचा करार." मी मामींबरोबर करंज्या तळत होते आणि आतून ऐकत होते. मला तुम्ही कधी उर्दू कागद शिकवले नाहीत. मी विचारलंही नव्हतं म्हणा. तिनं विचारलं.

ती आहेच तशी. सोयगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली, तालुक्यातली पहिली वकील मुलगी, सनद माझ्या आधीची. कुणालाही काहीही विचारते, पट्टेवाल्यापासून जज्जापर्यंत. आम्ही दोघी एकाच खोलीत राहतो, एकाच सरांकडे काम करतो, एकाच स्टोव्हवर चहा करतो. तरी लोक येतात ते "मनकर्णाताई कुठं हाय?" असं विचारत.

शनिवारच्या केंद्राबद्दल तुम्ही लिहिलंत, की "मनकर्णाने उत्तम उपक्रम सुरू केला आहे." मामा, ही कल्पना माझी होती. शहागंजच्या वाचनालयाची पुढची खोली मिळावी म्हणून चिटणीसांच्या घरी मी चार खेपा घातल्या. "महिलांसाठी मोफत कायदा सल्ला, दर शनिवारी" ही पाटी माझ्या हातची आहे. पहिल्या शनिवारी तीन बाया आल्या, मी त्यांना कलमं समजावून सांगितली, त्या मान हलवून निघून गेल्या आणि परत आल्या नाहीत. दुसऱ्या शनिवारी मनकर्णा आली. तिनं चटईवर बसून विचारलं, "बाई, जेवलीस का? मंग सांग, काय झालं?" त्यानंतर खोलीत बसायला जागा राहिली नाही. पेपरात बातमी आली तेव्हा तिचं नाव होतं आणि पुढं "व सहकारी". सहकारी म्हणजे मी.

आता जिल्ह्याच्या कायदा मदत समितीवर एक तरुण महिला वकील घेणार आहेत. डिस्ट्रिक्ट जज्जसाहेब अध्यक्ष आहेत. सर म्हणाले, दोघींची नावं गेली आहेत. तुमचं काय मत? नको, सांगू नका.

पार्सलमधलं पुस्तक पोचलं. अल्पवयीन मुलांच्या पालकत्वावरचं, समासात तुमच्या बारीक अक्षरातल्या टिपा असलेलं. आधीच्या टिपा उर्दूत, पोलीस ॲक्शननंतरच्या मराठीत. निजामाची उर्दू वकिली मोडून तुम्ही चाळिशीला आलेले असताना पुन्हा पहिलीपासून शिकलात, ते या एका पुस्तकात दिसतं. लहानपणी मी ते मांडीवर घेऊन वाचायचं सोंग करायची. आत चिठ्ठी होती: "चि. मनकर्णास द्यावे. तिच्या आशाबाईच्या दाव्यात उपयोगी पडेल."

दिलं. तिनं ते कपाळाला लावलं.

मामींना नमस्कार.

तुमची,
दमू


औरंगाबाद,
१४ जानेवारी १९८७

तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तीळगूळ घ्या, गोड बोला. मामींनी पाठवलेल्या हलव्याचा डबा फुटला नाही. सरांच्या घरी नेऊन दिला, त्यांच्या बाईंनी फार कौतुक केलं.

एक आनंदाची बातमी आधी सांगते. समितीवर माझी निवड झाली! परवा जज्जसाहेबांच्या सहीचं पत्र आलं. वर्षातून आठ तालुक्यांत शिबिरं घ्यायची, गरीब पक्षकारांसाठी वकील नेमायचे, त्यात माझी सही चालणार. तुमच्या घरात वाढलेली मुलगी आता सरकारी कागदावर सही करणार. तुम्हाला बरं वाटेल ना?

मनकर्णाचं नाव मागं पडलं. त्याला कारण झालं. तुम्ही आशाबाईच्या अर्जाचं विचारलं होतं, म्हणून लिहिते. आशाबाई म्हणजे ती शहागंजात कपड्याच्या दुकानावर शिवणकाम करणारी. नवरा रामकिसन वाळूजला कंपनीत पर्मनंट झाला आणि त्यानं हिला भावाकडं आणून सोडलं. चार वर्षांची मुलगी सोयगावला आपल्या आईकडं, द्वारकाबाईकडं ठेवून घेतली. मुलीचा ताबा मिळावा, निदान भेट तरी व्हावी, असा अर्ज मनकर्णानं केला होता. नऊ डिसेंबरला तो गैरहजेरीत खारीज झाला. त्या दिवशी सर मनकर्णाला हायकोर्टात घेऊन गेले होते, जिल्हा कोर्टात मी एकटीच होते. पुकारा लवकर झाला आणि मी खाली टायपिस्टकडं होते. असं होतं कधीकधी.

मनकर्णानं अर्ज पुन्हा फायलीवर घ्यावा म्हणून लगेच प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात माझं नावसुद्धा घेतलं नाही. लिहिलं की, मूळ वकील मी, मी स्वतः हजर राहायला हवं होतं, ही चूक माझी आहे, पक्षकाराला शिक्षा नको. समितीचे अध्यक्ष तेच जज्जसाहेब, ते भरकोर्टात तिला म्हणाले, "शनिवारी समाजसेवा आणि मंगळवारी गैरहजर, हे कसं काय?" सगळा बार हसला. ती मान खाली घालून उभी राहिली. मग नाताळच्या सुट्ट्या लागल्या, पुढची तारीख लांबली.

मी तिला म्हटलं, माझं नाव का घातलं नाहीस? तर म्हणाली, "तू नवीन हायेस. अन् मी तुझ्या एकटीवर टाकून गेले. मला तर बोलणी खायची सवय हाय."

तर असं. समितीची पहिली बैठक महिनाअखेरीला आहे. मी कोर्टात घालायचा नवीन बँड आणि कॉलर घेणार आहे. तुमचा आशीर्वाद असू द्या, आणि या वेळी पत्र मला एकटीला लिहा.

तुमची,
ॲड. दमयंती


औरंगाबाद,
१२ एप्रिल १९८७

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या फेब्रुवारीतल्या पत्राचं उत्तर दोन महिने दिलं नाही. त्यात अभिनंदनाच्या तीन ओळी होत्या. शेवटी तुम्ही लिहिलं होतं, "मनकर्णाच्या गैरहजेरीचे वाचले. टायपिस्ट तुमच्या कोर्टात खाली बसतो, हे मला ठाऊक आहे. पट्टेवाल्याचा आवाज खालीही येतो, हेही ठाऊक आहे." बस, एवढंच. त्यापुढं सही.

आवाज खाली येतो, मामा. पण मी खाली नव्हतेच.

मी नऊ डिसेंबरला कोर्टाच्या दारालगतच्या बाकावर बसले होते. मांडीवर आशाबाईची फाईल होती. सकाळी सरांनी ऑफिसात विचारलं होतं, "हायकोर्टात माझ्याबरोबर कोण येतंय?" आणि माझ्याकडं बघत बघत म्हणाले, "मनकर्णा, चल." मी आदल्या रात्रीपासून त्या अपिलाची टिपणं काढली होती. तीच टिपणं मनकर्णानं माझ्या हातातून घेतली आणि जाताना म्हणाली, "दमे, आशाबाईचं तेवढं बघ. द्वारकाबाई पोरीला घेऊन येणार हाय. साहेबांनी तोंडी सांगितलंय, भेट करून द्या म्हणून. तू नुसती उभी राहा."

नुसती उभी राहा. तेवढंच काम होतं.

आशाबाई साडेदहालाच आली होती. मुलगी अजून आली नव्हती. ती मला म्हणाली, "वकीलबाई, वेळ असंल तर शहागंजातून पोरीसाठी बांगड्या आणू का? रिकाम्या हातानं कसं भेटू?" मी म्हटलं, जा, आपला नंबर बारा वाजल्यानंतर लागेल. हे मी खरंच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. यात तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

द्वारकाबाई मुलीला घेऊन आली आणि आपल्या वकिलाबरोबर आत जाऊन बसली. आधीचे दोन मामले तडकाफडकी संपले. पट्टेवाला बाहेर आला. "आशाबाई भ्रतार रामकिसन, हाजिर हो!" पहिल्या पुकाऱ्याला मी जिन्याकडं पाहिलं, आशाबाई येतेय का. दुसऱ्याला मी फाईल हातात घेतली. फायलीवर मनकर्णाच्या अक्षरात तिचं नाव होतं, खाली माझं. आणि फायलीत तुमचं पुस्तक होतं, मामा. तिनं पानापानांत कागदाच्या खुणा घातल्या होत्या. तुमच्या टिपांच्या शेजारी पेन्सिलीनं तिनं आपल्या टिपा लिहिल्या होत्या. मला ते पुस्तक मांडीवर सहन होईना.

तिसरा पुकारा झाला तेव्हा माझ्या मनात आशाबाई नव्हतीच. मला वाटलं, उठले तर मनकर्णाची केस वाचेल. एकदा, एकदाच, तिच्या हातून काहीतरी पडू दे. सगळ्यांना दिसेल असं.

मी बसून राहिले. पट्टेवाल्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, मी दुसऱ्याच मामल्याची वकील असेन असं त्याला वाटलं असावं. आत दोन मिनिटांत सगळं आटोपलं. द्वारकाबाई मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली, समोरच्या वकिलानं तिला हसून काही सांगितलं आणि ते मागच्या फाटकाशी उभ्या जीपकडं निघाले. तेवढ्यात आशाबाई पुढच्या फाटकातून आत आली. तिनं मुलीला पाहिलं, सगळं आवार ओलांडून धावत गेली. जीप निघून गेली होती. परत येऊन ती मला म्हणाली, "बाई, पुकारा झाला का?" तिला धाप लागली होती. मी म्हटलं, "झाला असेल. मला ऐकू आला नाही."

मनकर्णालाही मी हेच सांगितलं, खाली टायपिस्टकडं होते म्हणून, आणि तिनं ते मानलं. बाकीचं तुम्हाला मी जानेवारीत लिहिलं, आनंदाची बातमी म्हणून.

समितीच्या पहिल्या बैठकीत माझ्यासमोर माझ्या नावाची पाटी होती. मला आनंद झाला होता, खोटं का सांगू. पुरता महिनाभर टिकला. पहिल्या शिबिरात मी भाषण केलं, बायांनी ऐकलं आणि मग एकीनं विचारलं, "मनकर्णाताई न्हाई आल्या?"

सत्तावीस फेब्रुवारीला आशाबाईचा अर्ज पुन्हा फायलीवर आला. तेरा मार्चला मुलीला कोर्टात आणलं. मी गेले नसते तर चाललं असतं, पण गेले. आशाबाई व्हरांड्यात उकिडवी बसली आणि तिनं हात पुढं केले. मुलगी द्वारकाबाईच्या पदराआड गेली. आजीला म्हणाली, "ही कोन हाय?" आशाबाई रडली नाही. तशीच हात पुढं करून बसून राहिली. मुलगी काही आली नाही. डिसेंबरात कदाचित आली असती. तेव्हा आईला सोडून तिला तीनच महिने झाले होते.

त्या संध्याकाळी मनकर्णा खोलीवर भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. पुस्तकाचं, समितीचं, तुमचंही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, स्टोव्ह बंद केला आणि मग माझ्याकडं वळली.

"तू बाकावर व्हतीस?"

"हो."

"तीनदा ऐकलंस?"

"हो."

मी म्हटलं, "मनू, मला माफ कर."

"मला काय माफी मागतीस? मला साहेब बोलले, लोक हसले, ते मी धुऊन टाकलं कवाच. आशाबाईला सांग. अन् साहेबांना लिहून दे." मग म्हणाली, "मामांनी पुस्तक मला दिलं म्हणून? अगं, मागितलं असतंस तर तुला दिलं नसतं व्हय मी?"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आशाबाईचं मशीन दुकानाच्या माडीवर आहे. मी शेजारी जमिनीवर बसून सांगितलं. ती आधी शिवतच राहिली, मग पाय थांबले.

"तुमी तिथंच व्हत्या?"

"दारातच."

"मंग उठल्या का नाय?"

मी बरीच वाक्यं जुळवून आणली होती. ती मी सगळी सोडून दिली. मी म्हटलं, "मनकर्णाचा हेवा वाटला मला."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "हेवा मनकर्णाताईचा," ती म्हणाली, "अन् पोरगी माझी."

त्यानंतर तिनं चाक फिरवलं आणि पुन्हा शिवायला लागली. मी उठले तेव्हा तिनं मान वर केली नाही.

मी प्रतिज्ञापत्र करून दिलं, त्याबरोबर समितीचा राजीनामाही. जज्जसाहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं. चष्मा काढून म्हणाले, "हे लिहायला तीन महिने लागले?" मी हो म्हटलं. "राजीनामा घेतो. बाकी, तुमच्याविरुद्ध तक्रार करायची की नाही तो पक्षकाराचा हक्क आहे." सरांनीही ऐकलं. काढून टाकलं नाही, पण आता माझ्याशी फायलीपुरतंच बोलतात.

त्या हक्काचं मनकर्णानं आशाबाईला समजावून सांगितलं. शनिवारच्या केंद्रात, माझ्यादेखत. तक्रार कशी लिहायची, बार कौन्सिलकडं कुठं पाठवायची, सगळं. पत्ता एका कागदावर लिहून दिला आणि म्हणाली, "तुला वाटंल तवा. मी लिहून दिईन." मामा, माझ्यावरच्या रागानं केलं असतं तर मला चाललं असतं. पण ती रागानं करत नव्हती. समोर बसलेल्या कुठल्याही बाईला तिनं असंच सांगितलं असतं. आशाबाईनं तो कागद घडी करून जवळ ठेवला आहे. अजून तरी काही केलेलं नाही. करेल तर करो.

मुलीचं सांगते. आता दर रविवारी दोन तास भेटीचा हुकूम झाला आहे, आशाबाईच्या भावाच्या घरी. पहिल्या रविवारी मुलगी उंबऱ्यावरच बसली. दुसऱ्या रविवारी पोहे खाल्ले. तिसऱ्या रविवारी तिनं आईला वेणी घालू दिली. हे मला कुणी सांगितलेलं नाही. आशाबाई केंद्रात दुसऱ्या बायांना सांगत होती, मी मागच्या टेबलावर अर्ज लिहीत होते, तिथं ऐकलं.

मी केंद्रात जाते. बायांशी मनकर्णा बोलते, मी मागं बसून त्यांचे अर्ज लिहिते. ती आता सरांच्या ऑफिसातल्या आवडाबाईंच्या घरी राहायला गेली आहे. भांडून नाही, ट्रंक उचलून गेली. स्टोव्ह माझ्याकडंच ठेवला. कामाचं बोलते, "त्या बाईचं रेशन कार्ड बघ," "ही तारीख लिही." दमे म्हणत नाही. दमयंती म्हणते.

आणि आता जे सांगायचं नव्हतं ते. रिकाम्या जागेवर समितीनं तिला बोलावलं. जज्जसाहेबांनी स्वतः. तिनं काय सांगितलं असेल? "साहेब, मला शनिवार पुरत न्हाईत, बैठकीला कुठून वेळ काढू?" आणि हसली म्हणे. ज्याच्यासाठी मी त्या बाकावर बसून राहिले, ते तिनं एका वाक्यात नको म्हणून टाकलं. मामा, तेव्हाही माझ्या पोटात दुखलं. सगळं सांगून झाल्यावर, सगळं सोडून दिल्यावर. मला वाटलं होतं, कबूल केलं की हे जाईल. ते गेलेलं नाही. पुकारा झाला की आता मी पहिल्याच हाकेला उठते, कुणाचाही असो, माझं नाव नसलं तरी चमकून उठते. लोक बघतात. पण हेवा जिथं होता तिथंच आहे. तुम्हाला हे खोटं लिहिलं असतं तर तुम्ही ओळखलं असतंच.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. तुम्ही कुणाला चांगलं म्हटलंत की मला वाटायचं, ते कौतुक माझं आहे. दुसऱ्या कुणाला तुम्ही शिकवताना मी पाहिलंच नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून कोर्टात चालणार नाही हे मला कळतं.

उत्तर लगेच लिहू नका. आणि लिहाल तेव्हा आधी तिला लिहा. तिला तुमच्या पत्राची वाट असते, विचारत नाही, पण ऑफिसात पोस्टमन आला की दाराकडं बघते. मला काय लिहायचं ते तुमच्या मनाला येईल तेव्हा. रागानं लिहिलंत तरी मी ते जपून ठेवीन.

मामींना हे वाचून दाखवू नका. नाही, दाखवा.

तुम्ही वाढवलेली, आणि त्या दिवशी उठू न शकलेली नव्हे, न उठलेली,
दमयंती